ज्वारीच्या दाण्याएवढी ग्रंथी आणि आपल्या ताटातला रोहू

(पोस्ट मोठी आहे. मासे खाणाऱ्यांनी, मासे धरणाऱ्यांनी आणि ज्यांच्याकडं शेततळं आहे त्यांनी सवडीनं वाचावी.)

मागच्या रविवारी वाशिमच्या बाजारात रोहू घेत होतो. शेजारी उभे असलेले एक ओळखीचे गृहस्थ हळूच म्हणाले, "सर, हे नका घेऊ. इंजेक्शनचे मासे हायेत हे. मोबाइलवर आलं होतं ना!"

मासे विकणारी बाई आमच्या भोई समाजातली, नात्यानं माझी मावशी लागते. तिनं हातातला मासा तसाच धरून माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, "कोनतं इंजेक्शन रे बापा? मी तं सुई डोयानं पाह्यली नाही."

मी त्या गृहस्थांना म्हटलं, "भाऊ, इंजेक्शनची गोष्ट खरी आहे. पण ते या माशाला दिलेलं नाही, याच्या आईला दिलेलं आहे. आणि ते दिलं नसतं तर तुम्हाला वाशिमात रोहू दिसलाच नसता." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. हसले आणि चिकनच्या दुकानाकडं वळले. मावशीचं एक गिऱ्हाईक गेलं.

तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचं. १० जुलै जवळ आली आहे. तो दिवस देशभर 'राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन' म्हणून पाळतात. २००१ पासून पाळतात. पण तीच तारीख का, हे आपल्याकडच्या किती मच्छीमारांना माहीत आहे? आमच्या संस्थेचा हिशेब मी दहा वर्षं लिहिला. त्यातली बरीच वर्षं मलाही माहीत नव्हतं.

आधी आपल्या पाण्याबद्दल थोडं. वाशिम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती, पूस या नद्या आपल्या भागात उगम पावतात आणि पाणी घेऊन बाहेर निघून जातात. दक्षिणेला पैनगंगा आहे. म्हणजे नद्यांची नावं पुष्कळ, पण बारा महिने वाहणारं मोठं पात्र हाताशी नाही. म्हणून इथला मासेमार तलावावर आणि धरणावर जगतो. एकबुर्जी, सोनल, अडाण हे मध्यम प्रकल्प, आणि गावोगावचे लघुप्रकल्प व पाझर तलाव.

माझे आबा सांगायचे, त्यांच्या तरुणपणी रोहू-कटला हे नावच नव्हतं. मरळ, वाम, शिंगटा, झिंगे, बारकी मासळी, एवढंच काय ते. मृग लागला, नाल्याला पहिला पूर आला की मासे उलट्या धारेनं चढायचे, आणि गावची पोरं टोपल्या घेऊन धावायची. पोटात अंडी असलेला मासा नदीत धरू नये असं आबा म्हणायचे, पण त्या दिवशी कोणी कोणाचं ऐकत नसे.

रोहू, कटला आणि मृगळ ही मंडळी मुळात उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांची, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली. वाढायला झपाट्याची, खायला चवदार. एक पृष्ठभागाजवळचं खातो, एक मधल्या पाण्यातलं, एक तळाचं. त्यामुळं एकाच तलावात तिघंही भांडण न करता राहतात. तलावात सोडायला यांच्यासारखे मासे नाहीत. अडचण एकच होती, पण ती मोठी होती. हे मासे तलावात अंडी देत नाहीत.

म्हणजे काय, ते समजून घ्या. तलावातली रोहूची मादी उन्हाळ्याअखेर पोटात लाखो अंडी धरते. सगळं तयार असतं. पण तिला अंडी सोडायला पूर लागतो. वाहतं, गढूळ, ताजं पाणी, पात्र सोडून काठावर पसरलेलं. ती खूण मिळाली की मेंदू एक संदेश पाठवतो. मेंदूच्या खाली पीयूषिका नावाची बारीक ग्रंथी लोंबत असते. तिला तो संदेश मिळतो, ती रक्तात आपला रस सोडते आणि अंडाशयातली अंडी शेवटची पक्व होऊन सुटतात. बंद तलावात पूर येत नाही, म्हणून संदेश निघत नाही. मादी भरल्या पोटानं वाट पाहते आणि श्रावण-भाद्रपदात ती अंडी शरीरातच जिरून जातात.

मग तलावात सोडायला पिल्लं आणायची कुठून? नदीतून. गंगेच्या पुरात जून ते ऑगस्ट या काळात बंगाल-बिहारचे मासेमार काठाला बारीक जाळी लावायचे आणि वाहत येणारी जिऱ्यासारखी पिल्लं गोळा करायचे. आजही आपण त्याला 'मत्स्यजिरे'च म्हणतो. हा माल कलकत्त्याला, हावड्याला यायचा आणि तिथून मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेनं देशभर जायचा. हंडीपाशी माणूस बसून हातानं पाणी हलवत राहायचा, कारण पाणी हललं नाही तर पिल्लं गुदमरून मरत. कित्येक तासांचा, कधी दिवसांचा प्रवास. हावडा-मुंबई गाडी आपल्या मूर्तिजापूर-अकोल्यावरूनच जाते, त्यामुळं तो प्रवास केवढा आहे हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आणि त्या हंडीत काय असेल याची खात्री नाही. जिऱ्याएवढं पिल्लू रोहूचं की दुसऱ्याच कुठल्या खादाड माशाचं, हे डोळ्याला कळत नाही. सोडायचा रोहू आणि वर्षानं निघायचा भलताच. पुराचा हंगाम हुकला तर बीजच नाही. अख्ख्या देशाची मत्स्यशेती नदीच्या मर्जीवर उभी होती.

आता त्या ग्रंथीकडं येऊ.

१९३०च्या सुमाराला अर्जेंटिनात बर्नार्डो उसाय नावाच्या शास्त्रज्ञानं एका माशाची पीयूषिका काढून तिचा अर्क दुसऱ्या, पिल्लं देणाऱ्या जातीच्या माशाला टोचला. त्या माशानं वेळेआधी पिल्लं दिली. याच उसाय यांना पुढं १९४७ साली नोबेल मिळालं, पण ते साखरेच्या आजाराशी संबंधित कामासाठी. माशाचा प्रयोग बाजूला राहिला.

तो उचलला शेजारच्या ब्राझीलनं. ब्राझीलच्या ईशान्य भागात सतत दुष्काळ. सरकारनं दुष्काळ निवारणासाठी तलाव आणि धरणं बांधली होती, आणि त्यात मासे वाढवावेत म्हणून रोडोल्फो फॉन इहेरिंग यांना नेमलं होतं. त्यांच्यापुढंही हाच प्रश्न होता: मासे बंद पाण्यात अंडी देईनात. १९३०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी माशाच्याच पीयूषिकेचं इंजेक्शन देऊन तिथल्या माशांकडून अंडी घेतली. मला ही गोष्ट वाचली तेव्हा फार जवळची वाटली. दुष्काळी मुलूख, रोजगार हमीसारखी कामं, त्यातून झालेले तलाव, आणि तलावात सोडायला बीज नाही. हे ब्राझीलचं वर्णन आहे की मालेगाव-मानोऱ्याचं?

आपल्याकडं अखंड पंजाबात हमीद खान यांनी १९३०च्याच दशकात मृगळ माशावर प्रयोग केला होता. त्यांनी सस्तन प्राण्याच्या पीयूषिकेचा अर्क वापरला. रस्ता बरोबर आहे एवढं त्यातून दिसलं, पण शेतकऱ्याच्या हातात देता येईल अशी पद्धत तयार झाली नाही. मग महायुद्ध, फाळणी, सगळंच विस्कटलं.

१९४७ साली केंद्र सरकारनं बंगालमध्ये कलकत्त्याला गोड्या पाण्यातल्या माशांसाठी संशोधन संस्था काढली. तिचं तलावातल्या मत्स्यशेतीचं काम ओडिशात कटकला चालायचं. तिथं हिरालाल चौधरी नावाचे तरुण शास्त्रज्ञ होते. जन्म १९२१ चा, सिल्हेट भागातला, म्हणजे आजच्या बांगलादेशच्या बाजूचा. त्यांनी आधी एका अगदी बारक्या माशावर, जो कोणी विकत घेणार नाही अशा माशावर, कटल्याच्या पीयूषिकेचा प्रयोग करून यश मिळवलं. मग मोठ्या जातींकडं वळले. सोबत के. एच. अलिकुन्ही हे ज्येष्ठ शास्त्रज्ञ होते.

१० जुलै १९५७. ओडिशातलं अंगुल. आपल्या पंचांगात पाहिलं तर सूर्य पुनर्वसू नक्षत्रात, म्हणजे आपण ज्याला 'तरणा पाऊस' म्हणतो तो काळ. त्या दिवशी पीयूषिकेचा अर्क टोचलेल्या कार्प माशांनी, नदी नाही, पूर नाही, अशा बंद पाण्यात अंडी दिली. त्याच वर्षी 'करंट सायन्स' या नियतकालिकात चौधरी आणि अलिकुन्ही यांनी दोन पानांत ते छापलं. दोनच पानं! चीनमध्ये अशाच प्रकारचं यश पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये मिळालं. म्हणजे या एका बाबतीत आपण त्यांच्या एक पाऊल पुढं होतो.

म्हणून १० जुलै.

चौधरी २०१४ साली वारले. आपल्याकडं हरितक्रांती म्हटलं की स्वामिनाथन आठवतात, दूध म्हटलं की कुरियन. मासा म्हटलं की कोणाचं नाव आठवतं? ज्यानं देशाला नदीच्या मर्जीतून सोडवलं त्याचा फोटो मी तरी कुठल्या मच्छीमार संस्थेच्या कार्यालयात पाहिलेला नाही. आमच्याही नाही.

आता घरची गोष्ट.

माझे मामा ऐंशीच्या दशकात एका मत्स्यबीज केंद्रावर रोजंदारीला होते. कुठलं केंद्र ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. दरवर्षी मे-जूनमध्ये त्यांचं काम एकच: मासळी बाजारात जाऊन मोठ्या माशांची डोकी मिळवायची. मासा पोक्त हवा, ताजा किंवा बर्फातला हवा. डोक्याची कवटी वरून कापायची, आतली चरबी कापसानं टिपायची, मेंदू अलगद उचलायचा. त्याच्याखाली हाडाच्या खोबणीत पांढरट दाणा दिसतो. ज्वारीच्या दाण्याएवढा, कधी त्याहूनही लहान. तो न फोडता चिमट्यानं काढायचा आणि शुद्ध अल्कोहोलच्या गडद बाटलीत टाकायचा. फुटला तर वाया. मामा म्हणायचे, "दिवसभर बसा तवा कुठं बाटलीचं बूड झाकते."

मासेवाल्यांना वाटायचं, हा माणूस काहीतरी जादूटोणा करतो. एका बाईनं विचारलं होतं म्हणे, "डोक्यातलं काय काढता हो दादा?" मामांनी उत्तर दिलं, "माशाच्या डोक्यात पाऊस असते बाई. तो काढून दुसऱ्या माशाले द्या लागते."

मी शाळेत असताना एका जुलैत मामांकडं गेलो होतो. संध्याकाळची वेळ, आभाळ भरलेलं. तळ्यात मच्छरदाणीच्या कापडाची चौकोनी पेटी चार बांबूंना बांधलेली, त्याला 'हापा' म्हणतात. साहेबांनी मादीचं वजन केलं, आणि तेवढ्या ग्रंथी काचेच्या बारीक खलात थोड्या पाण्यात घोटल्या. हिशेब मिलिग्रॅमचा. मादीला पहिली सुई हलकी, किलोमागं दोन-तीन मिलिग्रॅम. सहा तासांनी दुसरी मोठी, पाच ते आठ मिलिग्रॅम. नराला एकच, मादीच्या दुसऱ्या सुईच्या वेळेस. सुई शेपटीजवळच्या मांसल भागात, खवल्याच्या खालून. एक मादी आणि दोन नर हाप्यात सोडले, वरून तोंड बांधलं. मामांनी मला कंदील धरायला लावला होता. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली ती मादी मला अजून आठवते. भाऊ, चांगली चार किलोची असेल, आणि मामा तिला लेकरासारखं धरून होते.

रात्री पाऊस आला. पहाटे पाण्यात खळबळ ऐकू आली. उजाडल्यावर मामांनी हाप्याचं कापड उचलून दाखवलं. आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी, मोजता येणार नाहीत इतकी. रोहूची मादी किलोमागं दोन-अडीच लाख अंडी देते. चौदा ते वीस तासांत त्यातून पिल्लं फुटली आणि कापडाच्या जाळीतून खालच्या मलमलच्या पेटीत उतरली. तीन दिवस ती पोटाच्या पिशवीतल्या अन्नावर जगतात, मग तळ्यात सोडतात.

मामा सातवी नापास होते. पण जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत सुरू झालेलं काम त्यांच्या हातून वऱ्हाडातल्या तळ्यापर्यंत पोचलं होतं. हे त्यांना कोणी कधी सांगितलं नाही. रोजंदारी होती, ती पुढं बंद झाली.

बंद का झाली, त्यालाही विज्ञानाचंच कारण. १९७१ च्या सुमारास मेंदू पीयूषिकेला जो संदेश पाठवतो, त्याची रासायनिक रचना उलगडली. त्या संशोधनासाठी गियमाँ आणि शॅली यांना १९७७ चं नोबेल मिळालं. तो संदेश म्हणजे अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी. ती कारखान्यात बनवता येते. मग माशाचं डोकं फोडायला कशाला हवं? पण एक गोम होती. कार्प माशात मेंदूच डोपामाइन सोडून पीयूषिकेला लगाम लावून ठेवतो. नुसता कृत्रिम संदेश दिला तर लगाम सुटत नाही. चीनचे लिन आणि कॅनडाचे पीटर या दोघांनी तोड काढली: संदेशासोबत डोपामाइनला अडवणारं औषध द्यायचं. ते औषध म्हणजे डॉम्पेरिडोन. मळमळ-उलटीसाठी डॉक्टर आपल्याला ज्या गोळ्या लिहून देतात, त्यातलंच!

'ओव्हाप्रिम' हे असं तयार औषध ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भारतात आलं. पुढं मुंबईच्या हेमो फार्मानं 'ओव्हाटाइड' आणि वोखार्टनं 'वोव्हा-एफएच' बाजारात आणलं. बाटली उघडायची, किलोमागं अर्धा मिलिलिटरच्या आसपास एकच सुई द्यायची, काम संपलं. हाप्याच्या जागी चिनी पद्धतीची गोल सिमेंटची हॅचरी आली. तिच्यात बदकाच्या चोचीसारख्या तोट्यांतून पाणी सोडून गोल फिरवत ठेवतात, म्हणजे अंडी तळाला बसत नाहीत. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेनंही 'डी-८०' नावाची उभ्या जारची हॅचरी तयार केली होती. मामांची बाटली आणि चिमटा अडगळीत गेले.

फायदा किती झाला? १९५०-५१ साली देशातलं गोड्या आणि जमिनीवरच्या पाण्यातलं मत्स्योत्पादन सुमारे २.१८ लाख टन होतं. २०२२-२३ मध्ये ते १३१ लाख टनांवर गेलं. सगळं श्रेय इंजेक्शनचं नाही. खाद्य, तलाव, आंध्रची तळी, कोळंबी, सगळं त्यात आलं. पण हातातलं बीज हा त्याचा पाया आहे. आज तलावातला जवळजवळ प्रत्येक रोहू-कटला सुई टोचलेल्या आई-बापाचं पोर आहे.

आणि 'इंजेक्शनचे मासे खाऊ नका' म्हणणाऱ्यांसाठी: सुई आई-बापाला, वर्षातून एखाद्या वेळी, मिलिग्रॅमच्या हिशेबात. तुमच्या ताटातला मासा त्या अंड्यातून निघून वर्षभर तलावात वाढलेला. ही साखळी शरीरात लवकर तुटून जाते, आणि आई-बाप मासे बहुधा पुढच्या हंगामासाठी राखून ठेवतात. त्यामुळं ही भीती मनातून काढा. भीती बाळगायचीच असेल तर दुसऱ्या गोष्टीची बाळगा. ती आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेनं एका व्यापाऱ्याकडून बीज घेतलं. नाव घेत नाही. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, वाटीनं मापून लाखांत बीज दिलं, पावतीवर 'रोहू, कटला, मृगळ'. लीजचे पैसे, बीजाचे पैसे, राखणदार, सगळं वर्गणी काढून आणि उसनवारीनं केलं. उन्हाळ्यात तलाव आटत आल्यावर जाळं ओढलं, तर मासे पावशेर-दीड पावाचे. त्यातले पुष्कळ असे की तोंड कटल्यासारखं आणि अंग रोहूसारखं. जुन्या मंडळींनी ते हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले आणि खाली टाकले. व्यापाऱ्यानं हात वर केले: "तुमच्या तलावात खाद्य नसेल." आमच्याकडं पुरावा काय? काहीच नाही. त्या वर्षी तीन घरची पोरं पुण्याला कंपनीत गेली. त्यातली दोन परत जाळ्याला हात लावायला आली नाहीत.

नंतर मी वाचायला लागलो तेव्हा कळलं की असं घडू शकतं, आणि का घडतं. नदीत रोहू रोहूशीच जुळतो, कटला कटल्याशी. पण सुईनं सगळ्या जाती एकाच रात्री तयार होतात. घाईत किंवा जागा वाचवायला एकाच गोल टाकीत दोन-तीन जातींचे मासे सोडले की अंडी-वीर्य मिसळतं आणि संकर तयार होतो. हे संकरित मासे पुढं स्वतः अंडी देऊ शकतात. त्यांनाच आई-बाप म्हणून वापरलं की मूळ जात बिघडत जाते. दुसरा दोष त्याहून छुपा आहे. मोठा मासा विकायचा आणि उरलेल्या लहान भावंडांनाच पुढच्या वर्षी सुई द्यायची. पिढ्यान् पिढ्या नात्यातच लग्न लावल्यासारखं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्नाटकातल्या हॅचरींमध्ये हे प्रकर्षानं दिसून आलं होतं. वाढ मंदावते, रोग वाढतात.

म्हणजे बघा, पूर्वी हावड्याच्या हंडीत काय आहे ते कळत नव्हतं. सुईनं ती अडचण सोडवली. आणि आता प्लास्टिकच्या पिशवीत काय आहे ते कळत नाही! विज्ञानानं नदीची मर्जी संपवली, पण त्या जागी विकणाऱ्याची मर्जी आली. दोष सुईचा नाही. शेतकरी बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल पाहतो, सोयाबीन उगवलं नाही तर कृषी कार्यालयात तक्रार करतो. मासेमार मात्र पिशवी उघडतो आणि देवाचं नाव घेऊन सोडून देतो.

उपाय नाहीत असंही नाही. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेनं नॉर्वेच्या शास्त्रज्ञांसोबत १९९२ पासून निवड पद्धतीनं रोहू सुधारला. वेगवेगळ्या नद्यांतून मासे आणून, दर पिढीत जास्त वाढणारी कुटुंबं निवडून. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तो 'जयंती रोहू' म्हणून दिला. पुढं कटल्यावरही तसंच काम झालं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना १० सप्टेंबर २०२० ला सुरू झाली, तिच्यात हॅचरी आणि बीज संगोपन तळ्यांना अनुदान आहे. आपल्या जिल्ह्यात शेततळी झाली, समृद्धी महामार्ग आला. पाणीही आहे आणि रस्ताही आहे.

मग आपण काय मागायचं? मला सुचतं ते लिहितो.

एक. बीज घेताना तीन प्रश्न विचारा. आई-बाप मासे कुठून आणले? किती वर्षांपूर्वी बदलले? जाती वेगवेगळ्या टाकीत घेता की एकत्र? उत्तर टाळणाऱ्याकडून बीज घेऊ नका. पावतीवर जात आणि आकार लिहून घ्या.

दोन. आपल्या जिल्ह्यातले बहुतेक लहान तलाव एप्रिल-मे मध्ये तळ गाठतात. ऑगस्टमध्ये जिरे सोडून मेमध्ये किलोचा रोहू मिळणार नाही. जिऱ्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या तीन आठवड्यांतच मरतं. आपल्याला बोटाएवढी बोटुकली हवी. त्यासाठी जिल्ह्यातच, शेततळ्यांत, बीज वाढवायची सोय हवी. हे काम बचतगट करू शकतात, शेतकरी करू शकतात. संस्थेनं त्यांच्याकडून मोजून घ्यावं. पिशवी डोळ्यांसमोर भरली जाईल आणि फसवणूक झाली तर घर माहीत असेल.

तीन. शासनाच्या बीज केंद्रांनी दरवर्षी आपले आई-बाप मासे किती आणि कुठले, याची यादी फलकावर लावावी. रेशन दुकानात साठा फलक लागतो, मग इथं का नको? मत्स्यव्यवसाय विभागाकडं हे लेखी मागायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. आमच्या संस्थेतर्फे मी अर्ज तयार केला आहे. ज्या संस्थांना हवा त्यांनी सांगा, पाठवतो.

मामा मागच्या दिवाळीला भेटले. आता नजर कमी झाली आहे. मी त्यांना अंगुलची गोष्ट सांगितली, चौधरींचं नाव सांगितलं. म्हटलं, "मामा, तुम्ही जे करत होता ना, त्याचा शोध लावणाऱ्या माणसाच्या नावानं देशात दिवस पाळतात." थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तवा सांगतलं असतं त आमी आनखी जपून काढले असते रे दाने."

येत्या १० जुलैला आमच्या संस्थेच्या कार्यालयात हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांचे फोटो लावणार आहोत. मामांच्या हातून. मासेवाली मावशीही येणार आहे. तिला मी सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी कोणी 'इंजेक्शनचे मासे' म्हटलं तर घाबरायचं नाही. म्हणायचं, "व्हय, याच्या मायले दिलं होतं. तुमच्या मायलेही बाळंतपणात दिलंच असन की!"

तुमच्या तलावात बीजाचा काय अनुभव आहे, चांगला-वाईट दोन्ही, कमेंटमध्ये लिहा. तलावाचं नाव आणि वर्ष लिहा, विकणाऱ्याचं नाव नको. आणि ही पोस्ट आपल्या भागातल्या संस्थांच्या ग्रुपवर नक्की टाका.